ऐन वेळचे मन
(गोल्फच्या खेळातून काही विचार)

गोल्फसारख्या खेळावर या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. आपल्यापैकी फारच थोड्यांनी हा खेळ प्रत्यक्ष खेळला असेल. पुष्कळांनी तो येरवड्याहून किंवा चेंबूरहून जाता-येता कुंपणापलीकडून पाहिला असेल, इतकेच. तो साहेबाचा खेळ, पैसेवाल्यांचा खेळ, ही आपली समजूत आहे आणि ती अगदीच खोटी आहे असेही नाही. कलकत्त्यास गोल्फचा क्लब १८२९ साली निघाला. म्हणजे हा खेळ हिंदुस्थानात येऊन दोनशे वर्षे होत आली, तरी आळीतल्या पोरांच्या हातात त्याची काठी काही आली नाही.

असे असूनही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. जी गोष्ट आपल्याला उत्तम येते, शेकडो वेळा केलेली आहे, तीच नेमकी ऐन वेळी का बिघडते? सारा अभ्यास झालेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत स्वतःचे नाव सांगताना अडखळतो. घरी तासन्‌तास गाणारा गायक पहिल्या मैफलीत षड्ज लावताना कापतो. आणि खरे सांगावयाचे तर व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या वक्त्यालाही या अनुभवाची चांगलीच ओळख असते. मराठीत याला 'कच खाणे' असा नेमका शब्द आहे. माणूस ऐन वेळी कच का खातो, आणि त्यावर काही इलाज आहे काय, या प्रश्नाचा मानसशास्त्रज्ञांनी गेली चाळीस वर्षे जो अभ्यास केला, त्यातील बराच मोठा भाग गोल्फच्या हिरवळीवर झालेला आहे. म्हणून खेळ साहेबाचा असला तरी प्रश्न आपला आहे.

गोल्फच का, हे कळण्यासाठी खेळाची थोडी ओळख हवी. सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा लहानसा चेंडू काठीने मारीत मारीत दूरवरच्या खळग्यात घालावयाचा. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच. असे अठरा खळगे झाले की एक फेरी पुरी होते, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकतो. प्रत्येक खळग्यासाठी कुशल खेळाडूला किती फटके लागावेत हे ठरलेले असते. त्या संख्येस 'पार' म्हणतात. खळग्याजवळच्या तासलेल्या हिरवळीवर चेंडू हलकेच घरंगळत न्यावयाचा असतो. त्या कौशल्यास 'पटिंग' म्हणतात. मोठ्या स्पर्धेत चार दिवस चार फेऱ्या होतात.

आता यातील वेळेचा हिशेब पाहा. एका फटक्यास दीड-दोन सेकंद लागतात. सत्तर-बहात्तर फटक्यांचे मिळून दोन-अडीच मिनिटे होतात. फेरी मात्र चार-साडेचार तास चालते. उरलेला सगळा वेळ चालण्यात आणि विचार करण्यात जातो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. फलंदाजाला घाबरावयास सवड नसते. गोल्फमध्ये चेंडू पायाशी निमूट पडलेला असतो. त्याला कोणी टोलवीत नाही, कोणी अडवीत नाही. तो चुकला तर दोष देण्यास दुसरे कोणी सापडत नाही. मनाला त्रास देण्यासाठी मनाला इतकी मोकळीक देणारा दुसरा खेळ शोधून सापडणे कठीण.

या मोकळिकीचा परिणाम कसा होतो, याची एक हकीकत गोल्फच्या जगात नेहमी सांगितली जाते. स्कॉटलंडात कार्नूस्टी नावाचे मैदान आहे. त्याच्या अठराव्या खळग्याच्या वाटेवर बॅरी बर्न नावाचा ओढा वळणे घेत जातो. १९९९ सालच्या ओपन स्पर्धेत शेवटच्या दिवशी या खळग्यावर फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्ड हा खेळाडू उभा होता, तेव्हा तो तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत खळगा पुरा केला असता तरी विजेतेपद त्याचे होते. पहिला फटका उजवीकडे भरकटला, पण चेंडू कोरड्या जागी राहिला. या वेळी सावधपणे चेंडू ओढ्याच्या अलीकडे ठेवता आला असता. त्याने हिरवळीच्या रोखाने लांब फटका मारला. चेंडू प्रेक्षकांच्या मंचाच्या कठड्यावर आदळून मागे आला आणि दाट गवतात रुतला. तिसरा फटका ओढ्यात गेला. व्हान द व्हेल्ड बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, पाण्यातूनच चेंडू मारावा काय याचा विचार करीत उभा राहिला, आणि अखेर दंडाचा फटका घेऊन बाहेर आला. पुढचा फटका वाळूच्या खड्ड्यात. शेवटी सात फटके झाले. तीन खेळाडूंची बरोबरी होऊन जादा खळगे खेळावे लागले आणि त्यात स्कॉटलंडचा पॉल लॉरी जिंकला. हा लॉरी त्या दिवशी सकाळी दहा फटके मागे होता!

ही गोष्ट ऐकून हसू येते. पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या कठड्याचा दोष व्हान द व्हेल्डच्या माथी मारता येत नाही, आणि सात फटक्यांतला शेवटचा कठीण फटका त्याने मोठ्या धीराने खळग्यात घातला हेही विसरता कामा नये. दैव त्याच्या विरुद्ध गेले हे खरे, परंतु दैवाला संधी मिळाली ती निर्णयातून. दडपण माणसाला दोन ठिकाणी गाठते, हे यावरून ध्यानात येईल. एक, काय करावे हे ठरविताना. आणि दुसरे, ठरविलेले करताना. या दोन ठिकाणांचे आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

आधी दुसऱ्या ठिकाणाकडे, म्हणजे करण्याकडे वळू. आपली साधी समजूत अशी, की घाबरलेल्या माणसाचे लक्ष कामावरून उडते आणि म्हणून काम बिघडते. काही कामांत, विशेषतः डोक्याने आकडेमोड करण्याच्या कामांत, असे घडतेही. परंतु अंगवळणी पडलेल्या कामात बहुधा उलटे घडते. तेथे लक्ष कमी पडत नाही. ते जास्त होते आणि भलत्या जागी जाते. सतराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलास मध्येच थांबवून 'सतरा सक्कं किती?' असे विचारा. तो गोंधळतो आणि पुन्हा 'सतरा एके सतरा'पासून सुरुवात करतो. पाढा त्याला येत नाही असे नाही. तो जिभेच्या ताब्यात आहे आणि आपण तो बुद्धीला विचारला. गोल्फच्या खेळाडूचा फटका असाच अंगाच्या ताब्यात गेलेला असतो. शिकताना कोपर कुठे, मनगट कसे, खांदा किती वळवावा असे शंभर नियम त्याने घोकलेले असतात. पुढे ते विरघळून एक सलग हालचाल तयार होते. ऐन वेळी भीती वाटली की बुद्धी धावत येते आणि 'आता मी पाहते' म्हणून ती हालचाल पुन्हा तुकड्यातुकड्यांनी तपासू लागते. तपासणी सुरू झाली की ओघ तुटतो.

हा केवळ तर्क नव्हे. इंग्लंडमध्ये रिच मास्टर्स यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नवशिक्यांच्या एका गटास त्यांनी पटिंगचे नियम समजावून शिकविले. दुसऱ्या गटास नियम काहीच सांगितले नाहीत. उलट सराव चालू असताना त्यांना मोठ्याने वाटेल ती अक्षरे उच्चारीत राहावयास लावले, म्हणजे नियम बांधण्यास बुद्धी मोकळीच राहू नये. नंतर दोन्ही गटांवर पैशाचे आणि परीक्षकाच्या नजरेचे दडपण आणले. नियम घोकलेला गट अडखळला. दुसऱ्या गटाची प्रगती दडपणातही चालू राहिली. भीतीच्या वेळी परतून जाण्यासाठी त्यांच्यापाशी नियमच नव्हते!

अमेरिकेत सायन बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कसलेल्या खेळाडूंवर प्रयोग केले. स्वतःच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्या असे सांगितले, तेव्हा कसलेल्यांचे पटिंग बिघडले. आणि दुसरेच एखादे हलके काम, जसे ध्वनी ऐकून ओळखण्याचे, सोबत दिले तेव्हा ते त्याहून चांगले झाले. २००४ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. नवशिक्यास 'सावकाश, जपून मार' म्हटल्याने फायदा होतो. कसलेल्यास मात्र 'चटकन मार' म्हटल्याने होतो. नवशिक्याला जी सावधगिरी तारते तीच पुढे जाणत्याला मारते, हे मोठे मार्मिक आहे. ऐन वेळी आपण सारेच पुन्हा नवशिके होऊ पाहतो, आणि घात तेथे होतो.

दुसरा एक प्रयोग घरोघरीच्या अनुभवाशी जुळणारा आहे. दुधाने काठोकाठ भरलेला पेला मुलाच्या हाती देऊन 'सांडू नकोस हं!' असे आपण ओरडतो, आणि पेला हमखास हिंदकळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हेच पटिंगवर करून पाहिले. चेंडू खुणेच्या पलीकडे जाऊ देऊ नका असे लोकांना बजावले आणि त्याच वेळी एक आकडा लक्षात ठेवावयास देऊन त्यांच्या मनावर ओझे घातले. चेंडू खुणेच्या पलीकडेच जाऊ लागला. 'अमुक होऊ नये' याची खबरदारी घ्यावयाची तर मनाला त्या 'अमुका'वर पहारा ठेवावा लागतो. आणि मन थकले की ज्याच्यावर पहारा तेच पुढे येते. 'ओढ्यात जाऊ नये' असे म्हणत मारणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यांपुढे ओढाच असतो.

आता क्रीडामानसशास्त्रज्ञ नेमके करतात काय, ते पाहू. ते खेळाडूच्या कानात काही मंत्र सांगत नाहीत. भीती घालविण्याचे वचनही शहाणा मानसशास्त्रज्ञ देत नाही, कारण छातीची धडधड शरीराच्या हुकमाने होते आणि 'घाबरू नकोस' म्हटल्याने ती थांबत नाही. ते मनाला एक लहान, निश्चित आणि करता येण्याजोगे काम नेमून देतात. त्यांच्या साऱ्या युक्त्यांचे सार या एका वाक्यात येते.

पहिली युक्ती फटक्यापूर्वीच्या ठरीव क्रमाची. चेंडूच्या मागे उभे राहावयाचे, लक्ष्य नक्की करावयाचे, चेंडू कसा जाईल ते मनात पाहावयाचे, एक दीर्घ श्वास सोडावयाचा, पुढे येऊन एकदा लक्ष्याकडे दृष्टी टाकावयाची आणि मारावयाचे. दर वेळी हाच क्रम. पहिल्या खळग्यावर तोच आणि विजेतेपदाच्या फटक्यालाही तोच. पूजेला बसताना आचमनापासून क्रम ठरलेला असतो, त्यामुळे मन हळूहळू तेथे येते; तसेच हे आहे. स्वीडनच्या पिया निल्सन आणि त्यांच्या सहकारी लिन मॅरियट या क्रमाचे दोन भाग पाडावयास शिकवितात. चेंडूमागे एक रेघ आहे असे समजावयाचे. रेघेच्या मागे विचार. रेघ ओलांडली की विचार बंद, केवळ कृती. ठरविण्याचे ठिकाण आणि करण्याचे ठिकाण वेगळे ठेवण्याची ही साधी सोय आहे. रेघ ओलांडल्यावर शंका आली तर मारावयाचे नाही. मागे येऊन क्रम पुन्हा सुरू करावयाचा.

दुसरी युक्ती दृष्टीची. कॅनडातील जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल टिपण्याचे यंत्र लावून १९९२ साली पटिंगचा अभ्यास केला. चांगल्या खेळाडूची नजर फिरत नाही; मारण्यापूर्वी ती चेंडूवर दोन-तीन सेकंद स्थिर राहते आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर त्याच जागी असते. साधारण खेळाडूची नजर चेंडू, काठी, खळगा अशी भिरभिरत असते. पुढे इंग्लंडमध्ये सॅम्युअल व्हाइन, मार्क विल्सन प्रभृतींनी चांगल्या खेळाडूंना ही स्थिर नजर शिकविली, तेव्हा दडपणाखाली त्यांचे पटिंग टिकून राहिले. अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसत होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. फरक इतकाच, की गोल्फमधला अर्जुन शेवटच्या क्षणी खळग्याकडे पाहत नाही. पायाजवळच्या चेंडूवरच्या एका ठिपक्याकडे पाहतो. जे आपल्या हातात आहे तेथे नजर, फळ पलीकडे.

तिसरी युक्ती हिशेबाची आहे. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन अभ्यासकांनी व्यावसायिक खेळाडूंचे पंचवीस लाखांहून अधिक पट तपासून २०११ साली दाखविले, की सारख्याच अंतरावरून 'पार' वाचविण्यासाठी मारलेले पट जितके खळग्यात जातात, तितके 'पार'पेक्षा एक फटका कमवून देणारे जात नाहीत. फरक शेकड्यास सुमारे दोनाचा. फटका तो फटकाच, त्याची किंमत दोन्हीकडे एकच. पण गमावण्याची भीती एका ठिकाणी अधिक चिकाटी देते आणि कमावण्याच्या जागी माणूस अतिसावध होतो. म्हणून गुणफलकाचा विचार न करता समोरचा एक फटका तेवढा खेळावा, असे जे शिकविले जाते ते वैराग्य नसून व्यवहार आहे.

या शिकवणुकीचा कस लागला तो पुन्हा त्याच कार्नूस्टीच्या ओढ्याकाठी. २००७ सालची ओपन. अठराव्या खळग्यावर आयर्लंडचा पॉड्रिग हॅरिंग्टन एका फटक्याने पुढे होता. हा खेळाडू अमेरिकन क्रीडामानसशास्त्रज्ञ बॉब रोटेला यांचा कित्येक वर्षांचा शिष्य. त्याचा पहिला फटका बॅरी बर्नमध्ये गेला. दंड घेऊन मारलेला तिसराही ओढ्यातच गेला! आठ वर्षांपूर्वीचे दृश्य साऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असणार. त्या क्षणी विजेतेपद हातचे गेले असे आपल्याला वाटले, हे हॅरिंग्टनने पुढे मोकळेपणाने सांगितले. पण चालता चालता त्याचा कॅडी रोनन फ्लड त्याला पुढच्या एकाच फटक्याविषयी सांगत राहिला. चेंडूपाशी पोचेपर्यंत मन जागेवर आले. हॅरिंग्टनने पाचवा फटका हिरवळीवर खळग्यापासून काही फुटांवर आणला आणि सहाव्यात खळगा पुरा केला. मागून आलेल्या स्पेनच्या सेर्जिओ गार्सियाचा जिंकून देणारा पट खळग्याच्या कडेला लागून बाहेर राहिला. बरोबरी झाली, आणि चार जादा खळग्यांत हॅरिंग्टन एका फटक्याने जिंकला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मानसशास्त्राने हॅरिंग्टनचे दोन चेंडू ओढ्यात जाण्याचे टाळले नाही. तोही घाबरला, तोही चुकला. शिक्षणाचा उपयोग झाला तो दुसऱ्या चुकीनंतरच्या चार-पाच मिनिटांत. चूक झाल्यावर ती किती लवकर खाली ठेवता येते, हे कदाचित चूक टाळण्याहून मोठे कौशल्य आहे. उत्तर आयर्लंडचा रॉरी मॅकिलरॉय २०११ साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटके पुढे असताना ८० फटके मारून कोसळला. ते मास्टर्स जिंकावयास त्याला २०२५ साल उजाडले. त्या दिवशीही पहिल्याच खळग्यावर त्याचे दोन फटके जास्त गेले, तेराव्यावर सोपा वाटणारा चेंडू पाण्यात गेला, अठराव्यावर जवळचा पट हुकला. आणि तरीही लगेच पुढच्या, निर्णायक खळग्यावर तो जिंकला. रोटेला यांचाच सल्ला तो घेत असे.

या शास्त्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्याला फटकाच येत नाही त्याला मनाची शांती तारू शकत नाही. शिवाय प्रत्येक थरथर मनाची नसते. कित्येक चांगल्या खेळाडूंच्या हाताला जवळचा पट मारताना झटका येतो. इंग्रजीत त्याला 'यिप्स' म्हणतात. मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांना असे आढळले, की काहींच्या बाबतीत हा मज्जासंस्थेचा विकार असतो. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला याने वारंवार छळले. काठी धरण्याच्या पद्धती बदलून त्याने त्यावर मात केली आणि १९८५ व १९९३ अशी दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकली. अशा माणसाला 'मन खंबीर कर' म्हणणे म्हणजे लंगड्याला 'नीट चाल' म्हणण्यासारखे आहे.

आपल्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर अनिर्बन लाहिरी याचे देता येईल. १९८७ साली पुण्यात जन्मलेला हा खेळाडू २०१५ च्या अमेरिकन पी. जी. ए. स्पर्धेत संयुक्त पाचवा आला. आपण विपश्यनेची साधना करतो हे त्याने अनेकदा सांगितले आहे. विपश्यनेचे मोठे केंद्र आपल्या इगतपुरीस आहे. श्वासाकडे पाहत बसावे, मन भटकले की न रागावता त्याला परत आणावे, येथून त्या अभ्यासाची सुरुवात होते. आणि पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञ गोल्फच्या हिरवळीवर मोजमापे घेत ज्या ठिकाणी येऊन पोचले, ते ठिकाण यापासून फार दूर नाही. मात्र 'आमच्याकडे हे सारे आधीच होते' म्हणून पाठ थोपटून घेण्याची घाई करू नये. असणे वेगळे आणि रोज करणे वेगळे. खेळाडू हा क्रम हजारो वेळा करतात. सरावाच्या वेळी स्वतःवर मुद्दाम पैज लावून, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून, दडपणाचीही सवय करून घेतात. ऐन वेळी आठवावयाची ती गोष्ट नव्हेच; ती ऐन वेळेपूर्वी करून ठेवावयाची असते.

आपल्या घरातील मुले परीक्षेस निघतात, मुलाखतीस जातात, स्पर्धेत उभी राहतात. आपण दारात उभे राहून काय सांगतो? 'घाबरू नकोस', 'चुकू नकोस', 'आमची सारी आशा तुझ्यावर आहे.' प्रेमानेच सांगतो, पण भरल्या पेल्याला धक्का देतो. त्याऐवजी एखादे लहानसे काम सांगून पाहावे: कागद हाती आला की आधी एक दीर्घ श्वास सोड, मग पहिला प्रश्न सावकाश दोनदा वाच, आणि एखादा चुकला असे वाटले तरी पुढच्याला लाग. परीक्षेच्या पंधरा दिवस आधीपासून घरी तसाच सराव करून घ्यावा. एवढ्याने मूल पहिले येईल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. जे त्याला येते ते त्याच्या हातून उतरेल, इतकी आशा मात्र नक्कीच धरता येते.